घरी जाताना सांगतो

माझ्या मावशीने जितके सिनेमे पाहिले तितके आमच्या गल्लीत दुसऱ्या कुणीच पाहिले नसतील, आणि त्यातला एकही तिने धड पुरता पाहिलेला नव्हता. मतं मात्र एकदम ठाम. कुठल्याही सिनेमाचा विषय काढा, मावशीचा निकाल तयार.

"तो दोन भावांचा ना? मोठा उगाच भाव खातो. धाकटा गुणी आहे, पण मिशी ठेवायला नको होती त्याने."

"भुताचा? भूत गरीब होतं गं बिचारं. घरातली माणसंच आगाऊ."

"अंतराळातला? छान होता. गार वाटलं अगदी."

शेजारची शिंपीणबाई कुठल्या सिनेमाला जायचं हे मावशीला विचारून ठरवायची आणि परत आली की गोंधळलेल्या चेहऱ्याने दारात उभी राहायची. "अहो, तुम्ही म्हणालात शेवटी दोघांचं लग्न होतं. तो तर गाडीखाली गेला!" मावशी तिच्याकडे फार मायेने बघायची. "तुमचा डोळा लागला असेल मधे," म्हणायची. "दिवसभर मशीन चालवता, दमता. होतं असं." शिंपीणबाई दोनचारदा भांडली, मग तिने नाद सोडला. पुढे पुढे तर तिला स्वतःचीच शंका यायला लागली होती.

खरं म्हणजे डोळा लागायचा तो मावशीचा.

ती बेकरीत कामाला होती. पीठ मळायचं, गोळे तोडायचे, साचे भरायचे. सगळं जग साखरझोपेत असताना हिचे हात कोपरापर्यंत पिठात. गल्ली उठून दार उघडायची तेव्हा मावशीचा अर्धा दिवस संपलेला असायचा, आणि दुपार म्हणजे तिची रात्र. बुधवारी बेकरी बंद. आणि नेमकं बुधवारी दुपारीच काका तिला सिनेमाला न्यायचे.

काका म्हणजे तिचा नवरा. त्यांचं खुर्च्यांना आणि सोफ्यांना गाद्या भरायचं दुकान होतं. दुकान कसलं, एक खोली. मधोमध कुणाचा तरी सोफा चारी पाय वर करून पडलेला, कोपऱ्यात काथ्या आणि कापूस, भिंतीला टेकवलेले रेक्झीनचे गुंडाळे. काम करताना तोंडात बारीक खिळे धरायची सवय, त्यामुळे कुणी काही विचारलं की काका भुवयांनी उत्तर द्यायचे. वर गेल्या की हो, खाली आल्या की नाही. चौकातल्या थिएटरच्या खुर्च्याही त्यांच्याकडेच होत्या. थिएटरच्या खुर्च्या सतत फाटत असतात. माणसं अंधारात बसली की त्यांच्या बोटांना काहीतरी उकरायला लागतं. म्हणून मॅनेजरने ठरवून टाकलं होतं की बुधवारी दुपारच्या खेळाला शेवटच्या रांगेतल्या कोपऱ्यातल्या दोन खुर्च्या तुमच्या, कायमच्या. जो सिनेमा लागला असेल तो बघायचा, आवडनिवड चालणार नाही. त्यामुळे त्या दोघांनी सगळं पाहिलं. हाणामारीचे, रडारडीचे, लढायांचे, नाचगाण्यांचे, परक्या भाषेतले, आणि एकदा तर चुकून लहान मुलांचा, ज्यात सगळी पात्रं भाज्या होती. त्या सिनेमाबद्दल मावशीचं मत होतं की कांदा फारच दुष्ट दाखवलाय, प्रत्यक्षात तो तसा नसतो.

दिवे मालवले की मावशीचे डोळे जड व्हायला सुरुवात व्हायची. वरच्या झरोक्यातून प्रकाशाचा पट्टा निघायचा, त्यात धूळ तरंगायची. मावशी म्हणायची, "बघा, वर कुणीतरी मैदा चाळतंय." मग थोडा वेळ ती खरोखरच सिनेमा बघायची, फार मन लावून. हिरो बेकरीवाला असेल तर त्याचे हात बघायची. "मांजर कुरवाळतोय जसा. असा पाव फुगेल होय?" एवढं म्हणून होईपर्यंत मान काकांच्या खांद्यावर. पडद्यावर लढाया व्हायच्या, पूर यायचे, घरं जळायची. तो सगळा आवाज तिच्या झोपेत शिरायचा आणि तिथे त्याचं दुसरंच काहीतरी व्हायचं. तोफा म्हणजे भट्टीचं दार. पाऊस म्हणजे पिठावर पडणारं पाणी. मधेच ती दचकून विचारायची, "काय झालं हो?" आणि काका तिच्या हातावर थोपटून म्हणायचे, "झोप तू. घरी जाताना सांगतो."

आणि घरी जाताना ते खरंच सांगायचे. थिएटरपासून घरापर्यंतचा रस्ता मोठमोठ्या झाडांखालून जातो. लहानपणी कधीकधी मीही त्यांच्याबरोबर असायची, मावशीचं बोट धरून. कलतं ऊन पानांतून गळत असायचं, मावशी अजून निम्मी झोपेत, केस एका बाजूने चपटलेले. आठवडाभर भुवयांनी बोलणारे काका तेवढ्या रस्त्यावर असे काही बोलायचे की विचारू नका. सगळी पात्रं स्वतः व्हायचे. घोड्याचा आवाज काढायचे. मावशी "अगंबाई", "मग?", "मेला कुठला" असं म्हणत ऐकायची, आणि घर येईपर्यंत तिच्या डोक्यात तो सिनेमा पक्का होऊन जायचा. थोडा पडद्यावरचा, थोडा झोपेतला, बाकीचा काकांचा. कुठला भाग कुठून आला हे तिला कधी कळलं नाही, आणि त्याने तिचं काही अडलंही नाही.

सगळ्यात लाडका सिनेमा म्हणजे बुटांचा. त्याचं खरं नाव वेगळं होतं, पण आमच्या घरात तो बुटांचा सिनेमा. एक मोजणीदार असतो, त्याला नदीचा नकाशा काढायला थेट उगमापर्यंत जायचं असतं. नवे बूट घेतो, ते चावतात. बायको रोज रात्री बुटांना तेल चोळून ते मऊ करते, आणि ते पायात घालून तो जातो. तो होडीत बसला की मावशीला झोप लागली होती. पुढचं काकांनी सांगितलेलं. बायको नदीकाठच्या घरात वाट बघते. ऋतू बदलतात, गाव म्हणतं की आता सोड आशा. आणि एका संध्याकाळी फाटक करकरतं. तो दारात उभा असतो, गुडघ्यापर्यंत चिखल. ती त्याच्याकडे बघते आणि म्हणते, "पाय पुसून आत या."

"बाई असावी तर अशी," मावशी म्हणायची. "रडली नाही, भेकली नाही. गळ्यात पडून तमाशा नाही. पाय पुसा म्हणाली. संपलं."

तेव्हापासून ते वाक्य त्या घरात राहायला आलं. काका संध्याकाळी दुकान बंद करून यायचे, अंगावर कापसाचे पुंजके, आणि आतून मावशीचा आवाज यायचा, "पाय पुसून आत या." भांडण झालेलं असलं तरी. ती तापाने फणफणलेली असली तरी. एखाद्या दिवशी तिने म्हटलं नाही तर काका उंबरठ्याबाहेरच घुटमळत राहायचे. हे मी स्वतः पाहिलंय.

आता मी. मी चष्म्याच्या दुकानात काम करते आणि स्वभावाने वाद घालणारी आहे. समोरचा चुकीचं बोलतोय असं दिसलं की माझी जीभ वळवळते. एका दुपारी टीव्हीवर तो बुटांचा सिनेमा लागला. मी मोठ्या हौसेने बघत बसले. शेवट आला, फाटक करकरलं, आणि दारात कुणी परकाच माणूस. हातात ते बूट. फक्त बूट. तो ते पायरीवर ठेवतो आणि जातो. बायको खाली बसते, फडक्याने बुटांचा चिखल पुसत राहते. एक शब्द नाही. संपला सिनेमा.

मी तशीच चपला अडकवून निघाले. मावशी नुकतीच झोपेतून उठून काकांच्या दुकानात चहा पीत बसली होती. मी दारातूनच म्हटलं, "मावशी, तुझा तो मोजणीदार..."

काका सोफ्यामागे वाकलेले होते, तोंडात खिळे. त्यांच्या भुवया अशा खाली आल्या की मला वाटलं त्यांनी खिळा गिळला.

"काय मोजणीदार?" मावशी म्हणाली.

"...मस्त आहे," मी म्हटलं. "आज टीव्हीवर दाखवला."

"मग! मी सांगतेय इतकी वर्षं," मावशी म्हणाली आणि कपबशी विसळायला आत गेली.

काकांनी खिळे तळहातावर काढले आणि रेक्झीनचं एक टोक माझ्या हातात दिलं, ताणून धरायला. कामात असल्यासारखं दाखवत ते हळू आवाजात बोलले. लग्नानंतरचा पहिलाच सिनेमा. नायिका शेवटी बुडते. मावशी जागी झाली आणि तिने विचारलं, काय झालं? त्यांनी आपलं जे झालं ते सांगितलं. मावशी वाटभर रडली, जेवली नाही, आणि पहाटे बेकरीत गेली ती पिठात यीस्ट टाकायलाच विसरली.

"अख्ख्या गल्लीने त्या दिवशी दगड चावले," काका म्हणाले. "मालक तिला नको नको ते बोलला. मी म्हटलं, हे काही खरं नाही. ती अंधारात उठून एकटी जाणार, आणि तिच्याबरोबर मी ती बुडालेली बाई पाठवू? पुढच्या बुधवारी कोणीतरी फासावर गेला. मी त्याला सोडवून आणला. जमलं की मला. मग जमतच गेलं."

"सगळे? सगळ्या सिनेमांचे शेवट तुम्ही बदललेत?"

"चांगले होते ते नाही बदलले," काका जरा दुखावल्यासारखे म्हणाले. मग म्हणाले, "एकदा एक व्हिलनही वाचवला. तो नट मला आवडायचा."

मला हसू आलं आणि रागही आला. मी म्हटलं, तिला सांगून टाका. काकांनी रेक्झीन इतकं जोरात ओढलं की माझ्या हातातून सुटलं. "तिला वाटेल आयुष्यभर फसवलं. गल्लीभर सांगत फिरली ती हे शेवट, छातीवर हात ठेवून. आणि ते तिचं वाक्य..." त्यांनी सुटलेलं टोक पुन्हा माझ्या हातात दिलं. "तेवढं नको बाई. बाकी काहीही चालेल."

मी तोंड मिटून घेतलं. माझ्यासारखीसाठी ती फार मोठी गोष्ट होती.

मग काही वर्षांनी काकांची नजर गेली. एकदम नाही, कडेकडेने. आधी शिवण चुकायला लागली. ते माझ्या दुकानात आले, मी एकामागून एक भिंगं त्यांच्या डोळ्यांवर धरली आणि ते माझं मन राखायला म्हणत राहिले, "हां, हे जरा बरं आहे." कुठलंच बरं नव्हतं. डॉक्टर म्हणाले की आतली शीर सुकत चालली आहे, गेलेलं परत येणार नाही. दुकान बंद झालं. तोवर बेकरीतही पीठ मळायचं यंत्र आलं होतं आणि मावशी घरी बसली होती. दोघं दिवसभर खिडकीशी बसायची. काका तिला विचारायचे रस्त्यावर कोण चाललंय, आणि मावशी सांगायची, वर प्रत्येकाच्या चालीवर मतही द्यायची.

एका बुधवारी मावशी उठली आणि तिने काकांचा सदरा काढून ठेवला. "चला. सिनेमाला."

"अगं, मला काय दिसणार?"

"मला दिसतंय ना. इतकी वर्षं तुम्ही पाहिलंत आणि मला सांगितलंत. आता मी बघते."

जागं राहण्यासाठी ती सकाळभर झोपून घ्यायची, कंबर कसून, एखादं काम उरकावं तशी. थिएटरात तिने आणखी एक फतवा काढला. "ह्या माझ्या खुर्चीत बसलं की झोप येतेच. तुम्ही बसा इथे, मी तुमच्या खुर्चीत बसते." आणि बसली मात्र, तशी उठून उभी राहिली. काकांची खुर्ची पाटासारखी टणक होती. आत जेमतेम पोतं घातलेलं. मॅनेजर दोन्ही खुर्च्यांना सारखाच माल द्यायचा. चांगला कापूस, नव्या स्प्रिंगा, सगळं काकांनी शेजारच्या खुर्चीत भरलं होतं, दर वर्षी.

"हे काय?" मावशी म्हणाली.

"मला टणकच बरी वाटते," काका म्हणाले.

मावशी परत बसली त्या टणक खुर्चीत आणि टक्क जागी राहिली.

मग तिने सिनेमे पुरते बघायला सुरुवात केली आणि तिचं डोकंच फिरलं. "मेला! अहो, मारला की हो त्याला!" ती अशा काही आवाजात कुजबुजायची की पुढच्या चार रांगा मागे वळून बघायच्या. "गोळी! छातीत! आणि ही बया नुसती उभी आहे." घरी आल्यावर मला बोलावून घ्यायची. "हल्ली सिनेमे बिघडलेत. पूर्वी असं नव्हतं. पूर्वी माणसं संकटात सापडायची, पण शेवटी सगळं नीट व्हायचं. आता ह्यांना शेवट करताच येत नाहीत. ह्या मुलांना कोणी शिकवलंच नाही." मी काकांकडे बघायची. ते मान खाली घालून सदऱ्याचं बटण चाचपत बसायचे.

आणि मग मॅनेजरला कुठून बुद्धी सुचली कोण जाणे, बुधवारी दुपारी जुने सिनेमे लावायचं त्याने ठरवलं. पहिला कुठला? बुटांचा.

मावशी फलक बघून जवळजवळ पळतच आली. काकांचा गुडघा त्याच दिवशी दुखायला लागला. मग पोट. मग म्हणाले, ऊन फार आहे. "टॅक्सी करते," मावशी म्हणाली. "आपला सिनेमा आहे. तुम्हाला पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगते, एक गोष्ट गाळत नाही." ती आरशासमोर केस विंचरत होती आणि गुणगुणत होती. काका माझ्याकडे वळले. म्हणजे मी जिथे असेन असं त्यांना वाटलं तिकडे. "तू काहीतरी कर," ते म्हणाले. "तुला बोलता येतं." मला काय बोलता येणार होतं? मी म्हटलं, मी पण येते.

थिएटरात दहाबारा माणसं असतील. काका मधे, मऊ खुर्चीत. एका बाजूला मावशी, दुसऱ्या बाजूला मी. काकांनी माझं मनगट धरून ठेवलं होतं.

झरोक्यातून उजेड निघाला. "मैदा," मावशी म्हणाली आणि काका कसेबसे हसले.

सिनेमा सुरू झाला आणि मावशी सांगू लागली. तिचा तो कुजबुजता आवाज अजून माझ्या कानात आहे. "बूट घेतोय. काळे. चावतायत, लंगडतोय जरा. आता तेल चोळतेय ती. बोटं बघा कशी, असं चोळलं पाहिजे. दिवा आहे शेजारी. होडी आली." त्या काळ्यापांढऱ्या नदीवर धुकं होतं, होडी त्यात शिरली आणि हळूहळू पुसट होत गेली. पडद्याचा उजेड काकांच्या न बघणाऱ्या डोळ्यांवर हलत होता. मलाही क्षणभर वाटलं की आपण तिघं त्या नदीच्या काठी बसलोय आणि ही दुपार कधी संपायचीच नाही. इथून पुढचं मावशीने कधी पाहिलेलं नव्हतं. तिला मात्र वाटत होतं, पाहिलंय.

"हंस कुठे गेले?" ती मधेच म्हणाली.

"कुठले हंस?"

"ह्या वळणावर पांढरे हंस होते. खूप."

"ते तू झोपेत पाहिले असशील," काका म्हणाले.

"असेल," मावशी म्हणाली. "चांगले होते पण."

ऋतू बदलले. बायकोने खिडकी पुसली, फाटकाला तेल घातलं, पुन्हा खिडकी पुसली. शेजाऱ्यांनी सांगितलं, आशा सोड. मावशी पुढे सरकून बसली. तिचा चेहरा आनंदाने नुसता फुलला होता, आपल्या माणसाला आणायला स्टेशनवर गेल्यासारखा. आणि फाटक करकरलं.

तो आवाज काकांनीही ऐकला. माझ्या मनगटाचं हाड दुखलं.

पडद्यावर परका माणूस उभा होता. हातात बूट.

मावशी बोलायची थांबली.

बूट पायरीवर ठेवले गेले. माणूस वळला, गेला. बाई खाली बसली, तिने पदराआडून फडकं काढलं. कुणी बोलत नव्हतं, नुसतं एक संथ वाद्य वाजत होतं. मावशी आधी पडद्याकडे बघत होती. मग तिने मान वळवली आणि काकांकडे बघितलं. बघतच राहिली. त्यांचे गच्च मिटलेले ओठ, कपाळावरचा घाम, ती मऊ खुर्ची. त्या बुधवारांचं काय काय तिच्या डोक्यातून गेलं असेल ते मी सांगू शकत नाही, पण काहीतरी जात होतं, एकामागून एक.

"दिसतंय का गं?" काका शेवटी म्हणाले. आवाज जवळजवळ नव्हताच.

"दिसतंय की," मावशी म्हणाली. "आले ते."

"कोण?"

"कोण काय! तेच. किती चिखल तो. गुडघ्यापर्यंत बरबटलेत."

पडद्यावर ती बाई बुटांवरून फडकं फिरवत होती, सावकाश, टाचेपासून पुढे.

"मग?" काका म्हणाले.

"मग काय. पाय पुसून आत या म्हणाली."

"रडत नाहीये ना ती?"

"छे," मावशी म्हणाली. "रडेल कशाला?" आणि तिने पदराने स्वतःचे डोळे टिपले, अगदी आवाज न करता.

परत येताना आम्ही चालतच आलो. त्याच झाडांखालून. मावशीने काकांचा दंड धरला होता. ती खड्डा आला की सांगत होती, पायरी आली की सांगत होती, बाकी एक शब्द नाही. काकांनी दोनदा घसा खाकरला. "ऐक ना," ते म्हणाले, "मी तुला..."

"समोर सायकल आहे. डावीकडून चला."

मला ते शांत चालणं सहन होईना. माझा स्वभाव. मी म्हटलं, "मग मावशी, कसा वाटला सिनेमा?"

मावशीने थोडा विचार केला. मग नेहमीच्या निकाल देणाऱ्या आवाजात, शिंपीणबाईला सांगावं तसं, स्वच्छ मोठ्याने म्हणाली, "पहिला भाग चांगला आहे. नदी छान. शेवट मात्र त्यांना जमला नाही. ह्यांनी केला होता तो बरा होता."

काका रस्त्यातच थांबले. मावशीने त्यांना हाताला धरून पुढे नेलं.

घर आलं. मावशी कुलूप काढून आत गेली, मी तिच्यामागून. काका उंबरठ्याबाहेर उभे राहिले, चाचपडत, एक हात चौकटीवर. आत यायला त्यांचा पाय उचलेना. मावशी स्वयंपाकघरात गेली. भांड्याचा आवाज झाला, पाण्याचा झाला. आणि मग आतून हाक आली.

"पाय पुसून आत या."

काकांनी पाय पुसले. चांगले दोन्ही, वेळ घेऊन. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते त्यांनी पुसलं नाही.

पुढच्या बुधवारी मी पुन्हा त्यांच्याबरोबर गेले. जुनाच सिनेमा होता, डोंगरातल्या दरोडेखोरांचा, सगळा घोड्यांवरचा. काका मऊ खुर्चीत रेलून बसले होते. त्या खुर्चीने आपलं काम केलं. थोड्या वेळाने त्यांची मान कलली आणि मावशीच्या खांद्यावर टेकली. मावशी हलली नाही. पडद्यावर भला माणूस दरीच्या कडेला आला, दरोडेखोराने बंदूक उचलली आणि धाडकन आवाज झाला.

काका दचकून जागे झाले. "काय झालं गं?"

त्या अख्ख्या सिनेमात एकही मोटार नव्हती.

"काही नाही, टायर फुटला," मावशी म्हणाली आणि तिने त्यांच्या हातावर थोपटलं. "झोपा तुम्ही. घरी जाताना सांगते."